मामांचा धागा तुटत नसे

मामा गेल्याची बातमी मला गोदीने दिली, आणि ती देताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पौष महिना होता. अकोल्याहून लुगड्यांचं गाठोडं घेऊन मी अमरावतीच्या बाजाराला आलो होतो आणि नेहमीप्रमाणे धर्मशाळेच्या ओट्यावर उतरलो होतो. लुगड्यांना तिथे कुत्रं विचारत नव्हतं. ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. रस्त्यात कापसाच्या गाड्या, बैलांच्या शिंगांना कापूस, माणसांच्या मिशांना कापूस. गोदी माझी सख्खी धाकटी बहीण. तिचं घर धर्मशाळेपासून दोन गल्ल्या सोडून, आणि दोन वर्षांत पाचसहा खेपा होऊनही मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. तीच त्या दिवशी आली आणि ओट्याखाली उन्हात उभी राहिली.

"मामा गेले," ती म्हणाली. "चार दिस झाले. अकोल्याचा गाडीवान सांगून गेला. दुपारून त्याची गाडी वापस जाऊन राहिली, तू जाय तिच्यात."

"अन् तू?"

"मले कोन बसू देईन तिथं?"

एवढं बोलून ती गेली. मी तिला वर ये म्हणालो नाही, पाणी विचारलं नाही. तिच्या चुलीपाशी बसून रडावं असं माणूस मेलं होतं, तरी मी गाठोडं आवळत राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला. मामा नसले तरी मामांचा नेम मी पाळला, असं काहीतरी मनात आलं... आज ते आठवलं की अंगाची लाही होते.

मामांची पोथी ऐकायला जमणाऱ्या आमच्या मंडळातल्या सहा जणांचा आग्रह होता की मी मामांवर चार पानं लिहावीत, पुढच्या तिथीला सगळ्यांसमोर वाचावीत आणि मग ती पोथीच्या शेवटी ठेवून द्यावीत. लिहिता येणारा मी एकटाच, आणि तेही मामांमुळेच. मी सहा वर्षांचा आणि गोदी तीनची असताना आमचा बाप गेला आणि मामांनी आम्हाला अकोल्याला आणलं. मोर्णेच्या काठी त्यांचं दोन खणांचं घर, पुढच्या खणात माग. पाटी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून त्यांनी सारवलेल्या जमिनीवर सुताचा धागा वळवून मला अक्षरं शिकवली. धागा न तोडता अक्षर पुरं झालं पाहिजे असा त्यांचा दंडक. 'श्री' काढताना माझ्या नाकी नऊ यायचे. गोदी शेजारी बसून पाहायची आणि माझ्या आधी काढून मोकळी व्हायची, पण मुलीला अक्षरं कशाला म्हणून तिचा धागा कुणी पाहिला नाही.

मामा जातीचे कोष्टी, धंद्याने कोष्टी, आणि बोलण्यातही कोष्टीच. पोथी त्यांनी कुणा शास्त्र्याकडून समजून घेतली नव्हती. दुपारी ऊन कललं की ते माग थांबवत, हात धुवून पोथी सोडत, आणि एक अध्याय वाचून झाला की त्याचा अर्थ सांगायच्या ऐवजी आमच्या हातात काहीतरी काम देत. एकदा क्रोधाबद्दलचा भाग आला. मामांनी प्रत्येकाला मूठभर कापूस दिला आणि सरकी बोटांनी वेगळी करायला सांगितली. सरकी काढायच्या लाकडी रेच्याला हात लावायचा नाही. माझा त्या दिवशी शेजाऱ्याशी तंटा झालेला. मी सरकी धरून ओढत होतो आणि निम्मा कापूस तिच्याबरोबर तुटून येत होता. मामा माझ्यासमोर उकिडवे बसले.

"नारायण, सरकीनं तुह्यं काय केलं बाप्पा? तिले कावून वढतं? कापूस धर, थो सैल कर. सरकी आपोआप येते."

मी तसं केलं आणि सरकी खरंच आली. शेजाऱ्याकडे मी संध्याकाळी जाऊन आलो. क्रोध म्हणजे काय ते मला अजून कुणी विचारलं तर माझी बोटं आधी हलतात. अशी ती शाळा होती. मत्सर आला की मागाच्या फणीतून धागे ओवायचे, कारण तिथे प्रत्येक धाग्याचं घर वेगळं, शेजारच्या घरात आपला धागा घुसवला की दोन्ही अडतात. समभावाचा अध्याय आला तेव्हा त्यांनी ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, अंगणात लांबवर पसरला आणि खळीचे कुंचे माझ्या आणि गोदीच्या हातात दिले. दोघांनी दोन टोकांनी निघायचं आणि खळ सुकायच्या आत मधे भेटायचं. मी धावलो, ती सावकाश आली, तिच्या बाजूचे धागे ओले आणि माझ्या बाजूचे चिकटून बसलेले. मी तिच्यावर ओरडणार एवढ्यात मामा हसून म्हणाले की पुन्हा भिजवा आणि पुन्हा निघा, आज दुसरं काही काम नाही. त्या दिवशी आम्ही पाच वेळा निघालो. पाचव्या वेळी मधोमध भेटलो तेव्हा गोदीने खळीचा हात माझ्या नाकाला लावला.

आणि गाठींचा धडा तर आमच्या मंडळाची ओळखच होऊन बसला. हातसूत आहे, तुटायचंच. तुटलं की कोष्टी गाठ मारतो आणि ती मागच्या अंगाला लोटतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसत नाही. मामा ती पुढच्या अंगाला ठेवायला लावायचे. "मांगं लपवली त ते नेसणारनीले टोचते," ते म्हणायचे. "तुही चूक तुह्या डोयासमोर राहू दे. दुसऱ्याच्या अंगाले कावून लावतं?" आमच्या लुगड्यांवर त्यामुळे बारीक दाणे दिसायचे. बाजारात लोक नावं ठेवायचे, पण अकोल्याच्या बायका म्हणायच्या की मामांच्या माणसांचं लुगडं अंगाला लागत नाही. एवढा मोठा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

मग सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली आणि आमचा कापूस सोन्याहून पिवळा झाला. काळ्या जमिनीचे मालक ज्वारी मोडून कापूस पेरू लागले. चातीवर सूत काढणाऱ्या बाया वेचणीला गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या आळीतले माग एकेक करून बंद पडले. कुणी गाडीवान झाला, कुणी कापसाच्या गाठी बांधायला गेला. गोदीचा नवराही अमरावतीला कापसाच्या आवारात कामाला लागला, महिन्याकाठी येऊन जायचा. ज्यांचे माग चालू होते त्यांच्यावर विलायती सूत चढलं. ते सरळ, गुळगुळीत, आणि तुटायचं क्वचित.

तेव्हा मामांनी आम्हाला नेम घालून दिला. शेतात पहिली वेचणी असते त्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात, झाडांना दहीभात दाखवतात, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी आम्ही आठ जण, त्यात गोदीही, नात्यागोत्यातल्या शेतांवरून एकेक पदरभर कापूस मागून आणायचा, बोटांनी सरकी काढायची, घरीच सूत काढायचं, आणि त्यातून वर्षभर फक्त एकच वस्तू विणायची: पोथी बांधायचं कापड. लुगडी ज्याने त्याने हव्या त्या सुताची विणावीत, पोट आहे. पण पोथीचं कापड हातसुताचंच. पोथीवर हात ठेवून आम्ही तसं बोललो. मामांच्या कापडाला पुढे इतकी मागणी आली की रिद्धपूरच्या यात्रेला जाणारी-येणारी माणसं वाट वाकडी करून अकोल्याला यायची.

कारण तोवर एक नवलच घडलं होतं. मामांच्या कापडावर गाठी दिसेनाशा झाल्या होत्या.

हे कसं सुरू झालं ते मला आठवतं. एका पावसाळ्यात मामांनी सांगितलं की यापुढे पोथीचं कापड विणताना ते दार लावून घेतील. मौन धरायचं आहे, कुणी आत येऊ नये. भाकरी घेऊन गोदी तेवढी जायची. तिच्या सासरचं घर दोन आळ्यांवर असल्याने ते तिच्याकडेच होतं. तीन आठवड्यांनी दार उघडलं आणि मग मामांनी रंगाऱ्याकडून आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांत रंगवून आणलेलं लालभडक कापड समोर ठेवलं. दोन हात लांब, दोन हात रुंद, आणि त्यावर एक दाणा नाही. श्रीपत म्हणून आमच्यातला एक साधा भोळा माणूस आहे, तो सगळ्यात आधी बोलला, "मामांचा धागा तुटतच नाई आता. मन ठिकाण्यावर आलं म्हनजे धागा कायले तुटते?" मामा त्यावर हसले. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तेवढ्यावर ते वाक्य गावभर झालं.

आता कुणीही विचारील की तुम्ही जन्माचे कोष्टी, सूत हाताला लागताच ते कुठल्या चातीवरचं हे सांगणारे, तुम्हाला कसं कळलं नाही? हात लावला असता तर कळलं असतं. पण मामांच्या कापडाला आम्ही हात लावत नव्हतो, कपाळ लावत होतो. एकेक जण पुढे जायचा, डोळे मिटायचा, वाकायचा आणि मागे सरायचा. बोटांनी चाचपणं म्हणजे पाप, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं. कोष्ट्याचं कपाळ काय सूत ओळखणार?

आणि मी? मी तर त्या धाग्याच्या मागे वेडा झालो. माझा धागा तुटायचा. बाकीच्यांचाही तुटायचा, पण ते गाठ मारून पुढे जायचे. मला ती गाठ झोंबायची. मामांनी मला अक्षरं दिली, त्यांच्यामागे पोथी मीच वाचणार, आणि माझं मन असं की एका वितीत तीनदा तुटतं! मी एकभुक्त राहू लागलो. मग आठवड्यातून दोन दिवस निर्जळी. बायको म्हणायची, सूत ओलं करा, हवा कोरडी आहे, त्यात मनाचा काय संबंध... मी तिच्यावर खेकसायचो. एका उन्हाळ्यात मागावरच चक्कर येऊन पडलो. मामा धावत आले, माझं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. "कावून एवढा जीव काढतं रे?" ते म्हणाले. मी म्हणालो, "मामा, माहा धागा तुटून राहिला." त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला आणि काही बोलले नाहीत.

ते बोलले नाहीत, हेच मला गिळता येत नाही. गावाला फसवलं ते मी एक वेळ सोडून देईन. गावाला फसवून घ्यायला आवडतं. पण मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो, पोटात अन्न नव्हतं, आणि त्यांना ठाऊक होतं की मी ज्या धाग्याची बरोबरी करतोय तो धागा यंत्रातून आलेला आहे. एक शब्द. 'नारायण, थे विलायती सूत हाये, उठ, जेव.' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी पुढे आणखी एक वर्ष उपास केले.

दोन वर्षांमागची गोष्ट. श्रीपत गोदीकडे फणी मागायला गेला होता आणि तिच्या कोनाड्यात त्याला विलायती सुताच्या चार लड्या दिसल्या, कागदाच्या शिक्क्यासकट. लुगड्याचं सूत असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण गोदीकडे तेव्हा लुगड्याचा माग नव्हताच, ती फक्त पोथीचं कापड विणायची. श्रीपत बिचारा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी मंडळ बसलं. गोदीला विचारलं की हे सूत कशाला? ती मामांकडे पाहत राहिली. मामा पोथीवर दोन्ही तळवे ठेवून खाली पाहत होते. पुन्हा विचारलं. "मले काई सांगायचं नाई," ती म्हणाली. पोथीवर हात ठेवून घेतलेला नेम मोडलेला, त्याला दुसरा उपाय नव्हता. तिने पुढे पोथीला बसू नये आणि मंडळातल्या कुणी तिच्या घरचं पाणी घेऊ नये, असं मीच बोलून दाखवलं. ती उठली, पदर खोचला आणि गेली. महिन्याभरात नवऱ्याकडे अमरावतीला राहायला गेली.

चार दिवसांनी मामांनी सत्याचा अध्याय वाचला आणि कापड धुण्यावर बोलले. कापडाला खळ आहे, रंग आहे तोवर ते काहीही सोंग घेतं. धुवायला काढलं की ते कोण आहे ते आपणच सांगतं, असा काहीसा तो दृष्टान्त होता. इतका सुरेख की श्रीपतचे डोळे भरून आले. मला वाटलं, गोदीबद्दल बोलतायत. आता वाटतं, आपल्याबद्दलच बोलत होते. पण आपल्याबद्दल बोलायचं तर सरळ बोलावं, सहा माणसांनी माना डोलवाव्यात असं कशाला बोलायचं?

अमरावतीहून तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मामांच्या मागावर अर्धं विणलेलं पोथीचं कापड तसंच होतं. मंडळींनी त्यावर फुलं वाहिली होती. ते पुरं करायचा मान माझा, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. तेरावं झाल्यावर मी आंघोळ करून, दार लावून घेऊन, त्यांच्या मागावर बसलो. आडवं सूत नेणारा धोटा उचलला. कांडीवरचं सूत बोटांत आलं आणि माझा हात तिथेच राहिला. मी ते पिळून पाहिलं, उलगडून पाहिलं, दातांत धरून पाहिलं. मग ताण्याला हात लावला. दाराकडच्या काठाला वीतभर हातसूत होतं, दारातून कुणी डोकावलं तर दिसावं इतकंच. पुढचं सगळं विलायती. मागाखालच्या खड्ड्यात, पायाने दाबायच्या पावड्यांच्या मागे, एका मडक्यात लड्या होत्या.

मी तसाच उठून करीमचाचांकडे गेलो. मामांची सगळी कापडं तेच रंगवायचे. आलेच्या लाल रंगात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या अकोल्यात नाही. ते कढईत काठी फिरवत होते.

"चाचा, मामांचं कापड कोणत्या सुताचं होतं?"

त्यांनी काठी थांबवली नाही. "विलायती. चार साल से. विलायती सूत अलग रंग पकडता है, नारायण."

"तुमाले मालूम होतं?"

"हमकू तो पहले दिन से मालूम था. पूछा किसने?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अमरावतीची गाडी धरली आणि ज्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं तिथे गेलो. गोदी ज्वारी पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही. मी मडक्यातली एक लडी तिच्यापुढे ठेवली. लडीकडे पाहत तिने सांगितलं.

मामांच्या बोटांना काही लागेनासं झालं होतं. आधी टोकं बधिर झाली, मग दोन पेरं. धागा तुटला की तुटलेलं टोक हाती लागायचं नाही, लागलं तर गाठ बसायची नाही. भाकरी घेऊन गेलेल्या गोदीला एकदा ते खड्ड्यात बसून रडताना दिसले. सुरुवातीला गाठी तीच मारून द्यायची. पण हातसूत दिवसात चाळीसदा तुटणार, आणि ती तरी किती वेळ तिथे बसणार? लोक बोलले असते. तेव्हा न तुटणारं सूत आणून द्यायची युक्ती तिनेच काढली. नवरा अमरावतीहून येताना लड्या आणायचा, नंतर गाडीवानाच्या हाती धाडायचा.

"बोटं गेली त कोष्टी कायचा राह्यला, असं म्हनत," गोदी म्हणाली. "घाबरले होते रे थे. बाकी काई नाई. तुमी समदे आंगनात बसून धागा तुटत नाई, धागा तुटत नाई करून राहिले होते, त्यायले मंग तोंडच राह्यलं नाई सांगाले."

"अन् तुले मंडळात उभं केलं तवा? तवा तरी सांगाचं होतं त्यायनं!"

"सांगाचं होतं." तिने सूप बाजूला ठेवलं. "मले वाटलं सांगतीन. बाहेर पडली तवाही वाटलं, मांगून हाक मारतीन. अमरावतीले येऊन सहा महिने वाट पायली म्या. मंग वाट पाहनं सोडलं." मग पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "पन मामा घाबरले होते, दादा. तुले काय झालं होतं?"

मी लडी उचलली आणि निघालो. ओट्यावरून उतरताना तिने पाण्याचा तांब्या पुढे केला तो मी घटाघट प्यालो. माझाच नियम होता, मीच मोडला.

अकोल्याला येऊन मी सहा जणांना मामांच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, हात लावा. कुणी पुढे होईना. शेवटी मी श्रीपतचं मनगट धरून त्याची बोटं कापडावर ठेवली. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो हात काढून घेईना, एखाद्या आंधळ्यासारखा चाचपतच राहिला, आणि मग म्हणाला, "मंग आपन गोदीले कावून हाकललं?" दोघेजण तिथूनच उठून गेले, ते पुन्हा आले नाहीत. बाकीच्यांचं म्हणणं पडलं की झालं ते झालं, हे लिहू नये. मेलेल्या माणसाची अब्रू आपल्या हाती असते. मी म्हणालो, जिवंत बाईची अब्रू दोन वर्षं आपल्याच हाती होती, तिचं आपण काय केलं? कापड मी पुरं केलेलं नाही. कापून काढायचा धीरही होत नाही. रोज त्या मागावर बसतो, त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या देतो, आणि पायाखाली त्यांच्या टाचांनी झिजवलेल्या जागा लागल्या की माझ्या टाचा अलगद तिथेच ठेवतो. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होतात ते मला कळत नाही. मामा असते तर त्यांना विचारलं असतं.

लिहून झाल्यावर मी गोदीला निरोप धाडला. ती परवा आली. मामांच्या खोलीत बसून मी तिला ही पानं वाचून दाखवली, आत्ता तुम्ही ऐकलीत ती सगळी, अक्षरन् अक्षर. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. मामा खड्ड्यात रडत होते तिथे तिने डोळे पुसले. खळीचा हात माझ्या नाकाला लावला तिथे हसली. सगळं संपल्यावर म्हणाली,

"बराबर लिव्हलं. पन त्या दिसचं पुरं नाई लिव्हलं."

"काय राह्यलं?"

"तुले मालूम हाये काय राह्यलं थे."

मला ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं, आणि अमरावतीहून परतताना गाडीत तीन दिवस तर दुसरं काही डोक्यातच नव्हतं. तरी लिहिताना मी ते ओलांडून पुढे गेलो. उद्या तिथी आहे, म्हणून ते आज लिहितो. काही अवघड सांगायचं असलं की मामा आधी अंगठा चारही बोटांच्या टोकांवरून फिरवायचे, सूत पारखल्यासारखा. त्या दिवशी गोदी 'मले काई सांगायचं नाई' म्हणाली तेव्हा त्यांनी पोथीवरचा उजवा हात उचलला आणि अंगठा तसाच फिरवला, दोनदा. मग मान वर केली. "नारायण," ते म्हणाले, "हे सूत..." मला वाटलं, लाडक्या भाचीसाठी रदबदली करतायत, आणि सगळ्या मंडळासमोर त्यांचा शब्द हलका होईल. "मामा, तुमी नात्याकडं पाहू नका," मी म्हणालो. "तुमी यात बोलूच नका." माझं ऐकायची त्यांना जन्मात सवय नव्हती. त्या दिवशी त्यांनी ऐकलं.